ताबान

"सय्यारा ताबान," खल्फान काका म्हणाले
आणि चावी माझ्या तळहातावर ठेवली,
खजूर ठेवावा तशी.
ताबान म्हणजे दमलेली.
चौऱ्याण्णवची कोरोला, रंग एकेकाळी पांढरा,
डॅशबोर्डला उन्हाच्या भेगा.
चालते म्हणाले, पळतेसुद्धा,
फक्त उभी राहिली की राहवत नाही तिला.
सोहारच्या सिग्नलवर अंगात आल्यासारखी हलते,
मागचे बघतात, बर्शू, लाज वाटते.

(बर्शू म्हणजे मी. परशुराम.
यांच्या जिभेवर प नाही.
सव्वीस वर्षं झाली, मीही मागितलेला नाही.)

सनाइयात दुपारचे तीन.
पत्र्याखाली सावली असते, पण भाजलेली.
गाडी चालू केली आणि सोडून दिली तिची तिच्यावर.
दोनदा नीट, मग एक ठेच.
पाचदा नीट, मग ठेच.
एअर फिल्टरच्या डब्यावर करकचा कागदी पेला ठेवला,
माझी जुनी खोड.
ठेच लागली की सायीवर सुरकुती उठते.

हिला कॉम्प्युटर लागत नाही.
बॉनेटखालच्या डबीतली दोन भोकं तारेने जोडायची
आणि मीटरमधला दिवा कसा लुकलुकतो ते मोजायचं.
दिवा एका लयीत लुकलुकत राहिला.
म्हणजे: मला काहीसुद्धा झालेलं नाही.
आमच्याकडची माणसं डॉक्टरला असंच सांगतात.

प्लग काढले. बदामी, कोरडे, निरोगी.
मग एकेक वायर उपसली.
पहिली काढली, इंजिन लटपटलं.
दुसरी, लटपटलं. चौथी, तेच.
तिसरी काढली तेव्हाही लटपटलं, पण जरा कमी,
जसं पंगतीतून कुणी उठून जावं
आणि वाढणाऱ्याच्या उशिरा लक्षात यावं.

ठिणगी होती. पेट्रोल होतं.
राहिली हवा.
कुठून तरी चोरून आत येत होती.
अशी हवा बोलते, बारीक, दातांच्या फटीतून.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मॅनिफोल्डवर,
मूठ डाव्या कानाला.
काही नाही.
पुन्हा.
नुसती एक गाज,
जी इंजिन बंद असतानाही असते.
गेल्या रमजानपासून असते.
कुणाला सांगितलेलं नाही.

उजवा कान लावता आला असता.
तो न लावता मी रुबेलला हाक मारली.

नोआखालीचा रुबेल, एकोणीस वर्षांचा,
सात महिने नुसते टायर उचलतोय.
त्याने डोळे मिटले,
मूठ कानाशी धरली, आईचा फोन धरतो तशी.
"उस्ताद, साँप जैसा."
आणि बोट दाखवलं मॅनिफोल्डच्या पोटाखाली,
जिथे माझा पंजा आता मावत नाही.
तिथे क्लीनरचा एक फवारा मारला.
इंजिनने लगेच सूर बदलला,
चोर नाव घेतल्यावर दचकतो तसा.

बोटाएवढी रबरी नळी.
काढली, कोपराशी वाकवली,
बिस्किटासारखी तुटली.
आतून इंजिनची ओढ, बाहेरून इथले उन्हाळे,
किती, ते तिने मोजू दिले नाहीत.

नवी नळी तीनशे बैसा. मजुरी दोन रियाल.
खल्फान काकांनी पाच दिले
आणि गाडीजवळ उभे राहिले, न बोलता,
पेल्यातली साय हलत नव्हती ती बघत.
थंड चहा त्यांनीच पिऊन टाकला.
"आता ताबान नाही?"
मी म्हटलं, आहे. पण उभी राहील.

संध्याकाळी शटर ओढताना
दोन रियाल रुबेलच्या खिशात कोंबले.
त्याने काहीतरी विचारलं.
तो डाव्या बाजूला होता,
ओठ हलले तेवढे दिसले.
मी मान डोलावली.
तो हसला, म्हणजे
हो चाललं असावं.