कारण (थोडक्यात)

फॉर्मवर पाच रकाने.
नाव, हजेरी क्रमांक, विषय, पालकांची सही
हे चार भरून झालेत.
पाचव्याला दीड इंच जागा:
विषय सोडण्याचं कारण (थोडक्यात).

थोडक्यात म्हणजे, पंचवीसपैकी नऊ.
खडक ओळखायच्या परीक्षेत मी चारदा बेसाल्ट लिहिलं,
एकदाच बरोबर आलं.
बाकीचे तीनही काळेच होते, मॅडम.
"काळं असणं ही ओळख नाही,"
नाडगौडा मॅडम म्हणाल्या, आणि भिंग माझ्याकडे सरकवलं.

मी कॉमर्सची. शेवटचं वर्ष.
भूशास्त्र घेतलं, कारण वेळापत्रकात
मंगळवारी दुपारी तेवढंच बसत होतं.
खरं कारण आहे हे,
पण घेण्याचं.

कर्वे रोडला चष्म्याच्या दुकानावर बोरावके सर बसतात,
एमबीएचे अर्ज तपासून देतात, तासाला बाराशे.
पाचशेची नोट धरावी तशी माझी गुणपत्रिका
त्यांनी उजेडात धरली.
"आठ पॉइंट सहा. याचं आठ पॉइंट दोन होऊ द्यायचं नाही.
विषय सोडलास तर एक अक्षर छापून येतं.
अक्षराबद्दल मुलाखतीत बोलता येतं, आकड्याबद्दल नाही."
मग जरा मऊ होऊन,
"मॅनेजर व्हायचंय ना? दगड काय करायचेत?"
तासातली अकरा मिनिटं उरली होती.
ती कुठे गेली, मी विचारलं नाही.

बाबा भोसरीहून सेकंड शिफ्ट करून आले.
डबा घासता घासता म्हणाले,
गेलेल्या पैशाकडे बघून ठरवायचं नसतं,
असं परवा तूच वाचून दाखवलंस ना?
दाखवलं होतं. बुडीत खर्च, प्रकरण सहावं.
नळ बंद करून ते थांबले.
"मग यायच्या पैशाकडे बघून ठरवायचं का,
ते नव्हतं वाटतं त्यात."
हात पुसून सही केली. कागदावर अंगठ्याएवढा ओला डाग.

शुक्रवारी खिडकीवर साबडे काकांनी
फॉर्म डोळ्यांपासून लांब नेऊन वाचला.
"कारण?"
भरते ना.
"सोमवारपर्यंत मुदत वाढवलीय. पण कोरा घेणार नाही."

रविवार, वेताळ टेकडी, सकाळचे साडेसहा.
फिरायला आलेले आजोबा
हातोडीवाल्या सात पोरांना लांबून वळसा घालून गेले.
खाणीच्या कडेवर मॅडमनी तळवा टेकला,
घोड्याच्या मानेवर टेकवावा तसा.
हा एक थर. लाव्हा इथे थांबला.
वरची ही लाल पट्टी म्हणजे माती,
म्हणजे मध्ये पुष्कळ काळ काहीच घडलं नाही.
"काहीच नाही म्हणजे किती वर्षं?" फरहाननं विचारलं.
"परीक्षेत येणार नाही," मॅडम म्हणाल्या,
आणि पट्टीकडे बघत राहिल्या.

मी वाकले. भिंग डोळ्याला.
दगडात हरभऱ्याएवढी पोकळी, पोकळीत
पांढऱ्या सुयांचा झुबका,
एकीला एक न चिकटता उभ्या.
बुडबुडा होता तो, वायू कधीच निघून गेला,
मग रिकाम्या जागेत पाणी
थोडं थोडं आणून ठेवत राहिलं.
मी नाव सांगितलं: स्कोलेसाइट.
मॅडम काही बोलल्या नाहीत, पुढच्या पोराकडे गेल्या.
बरोबर असणार.
चुकलं की त्या थांबतात.

नमुना गुंडाळायला रद्दी आणायची होती.
विसरले.
बॅगेत पाण्याची बाटली, डबा,
आणि तो एकच कागद.

चार घड्या घातल्या, छापील बाजू आत.
पाचवा रकाना नेमका सुयांवर आला.

नवा फॉर्म सोमवारी मिळतो,
स्टेशनरीच्या खिडकीत, पाच रुपयांना.
सुटे काढून ठेवलेत.