थांबायच्या खुणा

खोली नंबर नऊ. कूलरमध्ये पाणी नाही.
पातूरची तहसीन पहाटे पाठ म्हणते,
मी उशीत कान दाबून
भाषाविज्ञानाचा तिसरा पेपर घोकते.

तिचा 'ऐन' गळ्याच्या पार तळातून येतो,
विहिरीत बादली टेकल्यासारखा.
मीही काढून पाहिला.
"ओकतेस काय," ती म्हणाली.

मग मी तिला 'ळ' दिला.
दिला काय, माझ्यापाशीच कुठं होता?
आमच्या गावात डोये, केयं, काया बैल.
तायडे मॅडम दोघींनाही उभं करतात:
जीभ वळवा, मागे, अजून मागे.

तहसीन म्हणते, आमच्याकडं याचं आख्खं शास्त्र आहे,
कोणतं अक्षर कुठून निघतं:
ओठ, दात, पडजीभ, गळ्याचे तीन मजले.
सहा वर्षांची होती तेव्हा मोहल्ल्यातल्या आपानं
एका अक्षरापायी तिला रमजानभर बसवलं होतं.

मेसमध्ये खोली चौदातलीनं विचारलं,
ताटावरून मान न उचलता,
"काय शिकवतात गं, त्या तुमच्या पुस्तकात?"
वरणाची पळी अधांतरी.
माझं तोंड घासानं भरलेलं,
आणि मी तो उगाच चावत राहिले.

"थांबायचं कुठं, ते," तहसीन म्हणाली.
"ओळीच्या डोक्यावर बारकी अक्षरं असतात.
इथं थांबच. इथं थांबू नको.
इथं तुझी मर्जी."
आणि भाकर मोडली.

रात्री विचारलं, एवढंच का सांगितलंस?
ती कुशीवर वळली.
"तू तर तेवढंही नाही बोललीस.
झोप आता. डोळे मिट."

ळ, अगदी निघायचा तिथून.