चार मिनिटं मागं

उदगीरला चौबाऱ्याजवळ सरवरमियाँचं घड्याळाचं दुकान.
दुकान कसलं, काचेचा डबा,
त्यात ते मावतील एवढाच.
हैदराबादचा उर्दू पेपर रात्रीच्या गाडीनं यायचा,
बिदरचा कानडी जीपच्या टपावरून,
लातूरचा मराठी पहिल्या एसटीनं,
आणि तो वाचून दाखवायला शाळेच्या आधी मी.
पगार : त्यांचं भिंग, पाच मिनिटं, माझ्या डोळ्याला.

त्या साली कुठल्याशा वाळवंटातला पूल उडाला.
मी वाचलं, बारा ठार.
त्यांनी उर्दू उलगडला : एकतीस शहीद.
कानडीत सातव्या पानावर, तुरीच्या भावाखाली,
पूल होता, माणसं नव्हती.
मी म्हणाले, यातलं खरं कोणतं?
"कित्ते मरे वो बाद में देख.
पैले देख, मरे के मारे."

मग मला नादच लागला.
ठार झाले. ठार केले. मृत्युमुखी पडले,
म्हणजे मृत्यू जसा काही बिनकठड्याचा आड,
आणि हे आपले चालता चालता.
हलाक. जाँबहक. कंठस्नान.
कर्मणी प्रयोग बाईंनी शिकवायच्या आधीच
मला ठाऊक होता : कर्ता लपवायची जागा.
पेपरात तसंच लिहिलं. दोन गुण गेले.

उधारीच्या लाल वहीत ते मागल्या बाजूनं
रकाने आखायचे.
कोण म्हणतं, किती म्हणतं, कसे मेले म्हणतं, कितव्या पानावर.
एकदा मी चिडले, सगळेच खोटारडे
तर पैसे कामून घालता?
त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं,
एका आडत्यानं दिलेलं, परत न नेलेलं.
"ये रोज चार मिनट पीछे पडता. बरसों से चारच.
मैं इसीपे टाइम देखता.
डर उसका, जो कब्बी आगे कब्बी पीछे."

आणि एका गुरुवारी, सकाळी सकाळी,
आमच्याच चौबाऱ्यात
शेषेरावाचा सोड्याचा गाडा उलटला.
गोटीच्या बाटल्या, चाळीस तरी असतील,
एकामागं एक फुटल्या.
माणसं पळाली. पळणारी बघून आणखी पळाली.
शटरं धडाधड खाली.

दुसऱ्या दिवशी मराठीत : दोन गटांत बाटल्यांचा मारा.
उर्दूत तेच दोन गट,
पण आधी हात उचलणारा वेगळा.
कानडीत, स्फोट.
शेषेराव वेल्डिंगवाल्याकडं वाकडं चाक घेऊन बसला होता,
त्याच्याकडं कुणी गेलं नाही.

सरवरमियाँनी तिन्ही नोंदी केल्या,
मग एक जादा रकाना आखला. मैं.
टाक तिथंच थांबला.
मी म्हणाले, तुम्ही तर इथंच होता, वीस पावलांवर.
"हौ," म्हणाले,
आणि भिंग काढून बराच वेळ पुसत बसले.

आता वही माझ्याकडं आहे,
नातवानं रद्दीत घालता घालता दिलेली.
ती वाचायला मला उर्दू शिकावं लागलं, चाळिशीत.
फोनवर रोज कुठला ना कुठला पूल उडतो, आवाजासकट,
आणि बातमी उघडायच्या आधीच
माझं मन कुणा एकाच्या अंगणात जाऊन बसलेलं असतं.

पुलाच्या ओळीत, त्यांच्या हातचं,
शहीद लिहून खोडलंय.
शेजारी मरे. तेही खोडलंय.
वर बारीक अक्षरात नुसतं : लोग.
गुरुवारच्या त्या रकान्यात मात्र शाई एकसारखी आहे :
आवाज सुन्या. सर झुक्या हुआ था.

काल त्याच्यापुढं मी पट्टीनं रेघ मारली, माझ्यासाठी.
खरं लिहायचं तर इतकंच आहे,
की त्या दिवशी मधल्या सुट्टीत साऱ्या वर्गाला मी सांगितलं होतं,
पहिली बाटली कुणी फेकली ते मी बघितलं.
नावासकट.