ऐनवेळचा विषय

डिसेंबरची अठ्ठावीस. केगावच्या माळावर
ऊन असं, की सावलीत स्वेटर लागतो
आणि उन्हात आलं की नको होतो.
सभा विभागात माझं बाविसावं वर्ष.
परिषद येते, बसते, उठते.
तिच्यामागून मी कप मोजते, आणि शब्द.

सकाळी टेबलावरच्या सहा पाट्या बदलल्या.
अ‍ॅक्रिलिकच्या खाचेतून कागद सहज सरकतो,
पाच वर्षं बसलेलं नाव
नखाच्या एका रेट्यात बाहेर.
नवी नावं काल रात्रीच टाइप केलेली.
'येलदी'चं 'येळदी' झालं होतं, पुन्हा काढलं.
आपल्या गावात आडनावाची चूक
तीन भाषांत लागते.

आधी मावळत्यांचा सत्कार.
शाल नाही, चादर. मोरांची जोडी असलेली.
हत्तुरे सरांनी घडी उलगडली,
दोन बोटांत धरून कड तपासली.
वडील मिलमध्ये साचेवाले होते त्यांचे.
"सूत बरं आहे," म्हणाले.
निरोपाचं भाषण तेवढंच.

मग वर्षाचा आढावा:
दोन सामंजस्य करार, एक कोनशिला,
दीक्षांत समारंभ वेळेत, निकाल जवळजवळ वेळेत
– इथे कोणीतरी खोकलं,
खोकला इतिवृत्तात येत नाही –
माळढोकावर राष्ट्रीय परिसंवाद,
माळढोक सोडून सगळे हजर.

हत्तुरे सरांचा विषय एकच असायचा.
प्रॅक्टिकल सुटतं साडेपाचला,
फाटकावरून बस जाते पाच वीसला,
पुढची सव्वासातला. तोवर स्टँडवरून
मंद्रूपची शेवटची निघून गेलेली असते.
मग मुली बाळ्यापर्यंत चालत जातात,
हायवेच्या कडेनं, ओढण्या तोंडाला बांधून,
आणि ट्रक हॉर्न वाजवतात, लागत नसला तरी.
एकोणीस बैठकांत त्यांनी हे सांगितलं.
एकोणीस वेळा मी लिहिलं: नोंद घेण्यात आली.

नोंद म्हणजे काय, ते मला विचारा.
नोंद म्हणजे लोखंडी कपाट.
किल्ली माझ्या पर्समध्ये असते.

आज ते त्याबद्दल काही बोलले नाहीत.
शेंगाचटणी तिखट आहे का, तेवढं विचारलं.

नवे सदस्य सह्या करत होते,
हजेरीवर, प्रवासभत्त्यावर, पुन्हा हजेरीवर.
एक कारखान्याचे संचालक, फोन पालथा ठेवून.
एक प्राचार्य, सगळं आधीच माहीत असलेले.
आणि राजमणी येलदी, संख्याशास्त्राच्या,
विडी घरकुलात वाढलेल्या,
कार्यसूची शेवटच्या पानापासून वाचत होत्या.

सगळ्यांच्या फोल्डरमध्ये तेच:
डायरी, कॅलेंडर, पेन, मसुदा.
त्यांच्या फोल्डरमध्ये एक कागद जास्त.
एकोणीस तारखा, एकाखाली एक.
हे नियमात बसत नाही, मला कळतं.
माझी मुलगी त्या बसनं जायची.
मग तिनं प्रॅक्टिकल नसलेला विषय घेतला.
घरी कोणी काही विचारलं नाही.
मीसुद्धा फक्त नोंद घेतली.

"ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने..."
खुर्च्या मागे सरकायला लागलेल्या,
कडक भाकरीचा वास दारापर्यंत आलेला.
"एक विचारायचं होतं," येलदी मॅडम.
"एकोणीस वेळा नोंद घेतली, म्हणजे नक्की काय केलं?"

कुलगुरूंनी कुलसचिवांकडे पाहिलं.
कुलसचिवांनी माझ्याकडे.
बाविसाव्या वर्षी पहिल्यांदाच
त्या टेबलावरून माझ्याकडे पाहिलं गेलं,
आणि ते चहासाठी नव्हतं.

काय ठरलं? समिती ठरली. तिघांची.
हसू नका. निमंत्रक येलदी मॅडम आहेत,
आणि त्यांनी तारीख मागितली.

संध्याकाळी कच्चं इतिवृत्त उघडून बसले.
'चर्चेअंती' इथवर लिहिलं.
पुढची जागा मोकळी आहे.
खिडकीतून फाटक दिसतं.
पाच वीसची बस आली, अगदी वेळेत.
एकटे हत्तुरे सर चढले, काखेत चादर,
आणि पायरीवर थांबून कंडक्टरला काहीतरी सांगू लागले.
प्रयोगशाळेच्या दिव्यांकडे हात करून.
कंडक्टरनं घड्याळ बघितलं, घंटी ओढली.