चौदा पॉइंट चार

ही तिसरी बॅटरी.
दुकानदार म्हणाला, थंडी आहे मॅडम,
डुलुथमध्ये बॅटऱ्या टिकत नाहीत.
घेतली. चौथ्या दिवशी पुन्हा डॅशबोर्डवर
तेच चिमुकलं लाल चित्र,
आणि हेडलाइट हळदीच्या दुधासारखे.

शेजारचा आर्नी कोस्किनेन, वय एक्क्याऐंशी,
धान्याच्या बोटींवर तीस वर्षं इंजिनखोलीत.
काही न विचारता बॅटरी घेऊन आला, हातातली, उजेडाची.
गॅरेजचं दार धुरासाठी अर्धं उघडं.
बाहेर उणे एकवीस,
तलावावरचा वारा आत शिरून
कुत्र्यासारखा घोटे हुंगत होता.

मी कराडला व्हिडिओ कॉल लावला.
तिकडे सकाळ. आईनं फोन धरला.
बाबा खुर्चीत. उजवा हात मांडीवर,
कुणीतरी बोनेटवर ठेवून विसरलेल्या पान्यासारखा.

एसटी स्टँडमागं छत्तीस वर्षं त्यांचं दुकान.
ट्रकचे डायनामो, टेम्पोचे हॉर्न,
आर्मेचरला गुंडाळलेली मैलोगणती तार.
गेल्या जूनपासून शब्द जागा चुकवतात.
चहाला चावी म्हणतात,
मला आत्याच्या नावानं हाक मारतात,
आणि चुकलं हे कळतं, म्हणून गप्प बसतात.
आकडे तेवढे शाबूत.

मीटर कॅमेऱ्यासमोर धरला.
गाडी बंद: बारा पॉइंट चार.
त्यांनी मान हलवली.
गाडी चालू: बारा पॉइंट सहा.
मान थांबली.

अल्टरनेटर गेला, आर्नी म्हणाला.
मलाही तेच वाटत होतं. चारशे डॉलर, वर मजुरी.
बाबांनी डावा हात वर केला.
हवेत एक गोल काढला, त्याच्या पाठीवर टिचकी मारली,
मग पोटावर.
मला वेळ लागला.
लाल टोक त्याच्या मागच्या बोल्टवर,
काळं त्याच्याच कवचावर.
चौदा पॉइंट चार!
म्हणजे हा बिचारा पुरं कमावतोय,
मनीऑर्डर मधेच कुणीतरी खातंय.

लाल वाट मोजली: शून्य पॉइंट एक.
एवढी दलाली चालते.
काळी वाट, कवचापासून बॅटरीच्या वजा टोकापर्यंत:
एक पॉइंट सात.
बारा सहा, त्यात एक, त्यात एक सात.
हिशोब पैशाला पैसा जुळला
आणि फोनच्या त्या टोकाला ओठ हलायला लागले.
आई म्हणाली, पाणी हवंय का?
त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

अ, म्हणाले.
बराच वेळ नुसता बेल्ट किणकिणत राहिला.
अर्थ.
अर्थ लागत नाही.

दुकानात हे वाक्य दिवसातून दहादा असायचं.
मी शाळेतून येऊन स्टुलावर बसायचे,
कवितेचं रसग्रहण लिहायचे,
आणि गाडीखालून ओरडा यायचा,
अर्थ लागत नाही रे, घास जरा!

ग्राउंड, मी आर्नीला सांगितलं.
गाडी बंद करायच्या आत तो गुडघ्यांवर.
इंजिनापासून बॉडीला गेलेली तांब्याची विणलेली पट्टी
रस्त्यावरच्या मिठानं खाल्लेली, हिरवीगार,
बोट लावलं की भुगा.
नवी त्याच्या डब्यात होती, बोटीवरची असावी.
मी पॉलिश पेपरनं पत्रा चकाकेपर्यंत घासला,
तेराच्या पान्यानं आवळला.

बॅटरीवर चौदा पॉइंट दोन.
हेडलाइट पांढरे पडले बर्फावर,
समोरच्या कचऱ्याच्या डब्यावर,
आर्नीच्या नाकाच्या थेंबावर.

लागला, बाबा. लागला.
ते काहीच बोलले नाहीत.
मग अगदी स्पष्ट, गिऱ्हाइकाला सांगावं तसं,
चाळीस.

चाळीस काय हो? आई विचारते. रुपये?
की त्या पट्टीचे अँपिअर, की आणखी कसला शब्द
जो येता येता आकडा झाला?
आर्नी डोळे मिटून इंजिन ऐकतोय.

लिहून ठेवा, मी म्हणाले, आल्यावर देते.
त्यांनी मान हलवली.
उधारी नाही.