चिरूट पेटवण्याची रीत

सुपडू तायडे, माजी फायरमन, भुसावळ लोको शेड,
यांचा उजवा हात दोन वर्षं थरथरतो.
चहा बशीत जायच्या आधी मांडीवर जातो.
म्हणून काडी मी ओढायची
आणि रीत आबांनी सांगायची.

चिरूट काही ऑब्रे साहेबाचा नव्हे.
तो ड्रायव्हर सदुसष्ट साली पर्थला गेला,
जाताना देवदारी डबी देऊन गेला,
तिच्यातले सात आबांनी सात वर्षांत संपवले.
हा माझ्या नवऱ्यानं कुठल्याशा विमानतळावरून आणलेला.
डबी मात्र तीच. आतल्या सुया-रिळं
तेवढ्यापुरती खिडकीत काढून ठेवली.

मे महिना, संध्याकाळचे सात.
ओट्यावर बादलीभर पाणी मारलं होतं,
पाट्याच्या कडेपर्यंत पोचायच्या आतच ते वाळलं.

पंखा बंद कर आधी.
केला.
अडकित्ता आण.
आणला.
टोपी उतरव फक्त. मान नको कापू.

लायटर नको, रॉकेलनं चव बाटते.
काडी घे. ओढून लांब धर.
गंधक जळून जाऊ दे,
लाकडाची ज्योत लागली की मग.

आता टेकवू नको, वं माय.
आगीला दाखव नुसता. पोरगी दाखवतात तसा,
दुरून. अन् फिरव.

(मला पाच जणांना दाखवलं होतं, आबा.
मीही कडेकडेनंच तापले होते.)

कडा आधी. मधली घाई नको.
भट्टीत सगळा कोळसा मधोमध ओतणारा
खंडव्याला कधी पोचला नाही.
कोपरे भरायचे. दारामागची जागा भरायची,
जिथे फावडं वळत नाही तिथे मनगट वळवायचं.
मधलं आपलं आपण धरतं.
हे सांगताना त्यांचा हात
हवेत एक फावडं टाकून आला.
थरथरला नाही. की मला तसं वाटलं.

दुसरी काडी. तिसरी.
बोटाला चटका बसला तेव्हा म्हणाले,
हं, आता ओढ.

मी?

मग कोण? ओढल्याशिवाय धरत नाही.
दुसऱ्यासाठी पेटवायचा तरी
तोंड आपलंच लावावं लागतं.

समोरच्या गच्चीवर चौधरीणबाई
वाळलेल्या बिबड्या गोळा करत होत्या.
थांबल्या. एक बिबडी हातातच राहिली.

छातीत नको नेऊ.
गालात ठेव. ओट्यावर बसव धुराला,
घरात घेऊ नको.

सहा वर्षांची असल्यापासून
चुलीचा सगळा धूर मी थेट घरात घेतला.
त्याची रीत कुणी सांगितली नव्हती.

मी ओढला. हळू.
जुन्या कपाटाची, गुळाची,
पावसात भिजलेल्या गोणपाटाची चव आली.
सोडला. तो चौधरीणबाईंच्या गच्चीकडे
न बोलावता निघून गेला.

फुंकर मार. टोक बघ. गोल आहे का?
एक बाजू मागे राहिली आहे, आबा.
तिथेच काडी दाखव. रागावू नको तिच्यावर.

फुंकर मारली. सगळीकडून सारखा लाल,
नव्या बांगडीएवढा नेमका.

स्टीम किती? आबा विचारतात.
तोंडात दात नसताना हसतात.
लांब प्लॅटफॉर्मवर कुठलीशी गाडी
निर्धारित वेळेपेक्षा चाळीस मिनिटं
असं ती बाई सांगते आहे,
झालेल्या त्रासाबद्दल तिला खेद आहे.

हात पुढे करतात. बोटं थरथरतात,
दोन बोटांत जागा करून ठेवलेली.

मी अजून एक झुरका घेतला.
या वेळी रीत विचारली नाही.
मग दिला.

अर्धा मिनिट उशीर.
भुसावळ जंक्शनला एवढा उशीर
कोणी वहीत लिहीत नाही.