वजनकाटा

कुंभ्याच्या सड्यावर कंपनीचा काटा अजून आहे.
पत्र्याचं खोपटं गेलं, दार गेलं,
दाराची चौकट झोऱ्यांच्या गोठ्याला लागली.
काटा तेवढा कुणाच्यानं उचलला नाही.
लोखंडी पाटांच्या फटीतून करवंदीची जाळी वर आलीय
आणि तबकडीवरची सुई नऊ टन चारशेवर अडकलीय.
शेवटच्या ट्रकचं ते वजन.
ट्रक गेला बेळगावच्या अंगाला,
वजन इथंच राहिलं.

माझा बाप, गणू तेरसे, त्या काट्यावर बसायचा.
भरली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी.
दिवसभर वजाबाकी.
घरी आला की पाटीवरची माझी बेरीज तपासायचा,
हातचा विसरलीस म्हणून कान धरायचा.
त्याच्या नखांत तांबडं असायचं,
भाकरी मोडली की भाकरीला तांबडं.
त्याचं लग्नातलं धोतर दोरीवर वाळता वाळता तांबडं झालं,
आईनं मग पांढरं आणणंच सोडलं.

बारा वाजता सुरुंग.
आधी शिट्टी, मग लाल निशाण,
मग शाळेत बाई थांबायच्या,
खडू हातात, वाक्य अर्धं.
धडाम झालं की पुढचा शब्द.
अजून मी वाचता वाचता मध्येच थांबते.
ऑफिसात हसतात.

येसाक्का झोरे अकरा वर्षं पाटी वाहत होती.
खड्ड्यातून फळीवरनं ट्रकात,
ट्रकाकडनं परत खड्ड्यात.
मस्टरवर तिचं नाव यशवंत लागलं होतं,
मुकादमाची चूक, कुणी दुरुस्त केली नाही.
दर मात्र बाईचाच.
खाण बंद झाल्यावर तिला कुणीतरी सांगितलं,
ह्या दगडाची भांडी होतात.
तिला पटेना.
गडहिंग्लजच्या बाजारात तिनं जर्मनचं एक पातेलं उचललं,
उलटं केलं, बोटानं वाजवलं,
भर बाजारात डोक्यावर ठेवून बघितलं.
"हलकं हाय की रं," दुकानदाराला म्हणाली,
"आमच्या डोक्यावर हुतं तवा असं नव्हतं."
घेतलं मात्र. आठ रुपये कमी करून घेतलं.

खड्ड्यात आता बारमाही पाणी आहे.
तिन्हीसांजेला गवे उतरतात, दुपारी पोरं.
जाताना कंपनीनं बाभळी लावल्या, परदेशी,
सरळ रांगेत, हजेरीला उभ्या केल्यागत.
त्यांच्याखाली गवत येत नाही.
आई म्हणते, आधी भादव्यात सगळा सडा निळा व्हायचा.
कसली फुलं, मी विचारलं.
तिला नाव आठवेना.
"नाव कशाला लागतंय? दुसरं काय नव्हतंच तिथं."

काम बंद झाल्यावरही बाप दर अमावास्येला
तेलाची बुधली घेऊन सड्यावर जायचा.
आम्हाला वाटायचं, माया असेल.
मग कोल्हापुरात, सरकारी दवाखान्याच्या खाटेवर,
नळी नाकात, नजर पंख्यावर,
त्यानं मला जवळ बोलावलं.
"काटा कमी दाखवायचा.
गाडीमागं चार पोती तरी.
साहेबानं स्क्रू फिरवून घेतला हुता, माझ्याच हातानं."
पाटीवाल्यांचा हिशेब टनावर होता.
मी मनात मांडायला गेले:
गाडीमागं चार पोती, दिवसाला तीस गाड्या, अकरा वर्षं...
हातचा विसरला. पुन्हा मांडलं. पुन्हा विसरला.
तो पंख्याकडंच बघत होता.

दिवस झाल्यावर मी येसाक्काकडं गेले.
काय बोलायचं ते वाटेत तीनदा जुळवलं होतं,
उंबऱ्यात सगळं विस्कटलं.
कसंबसं सांगितलं.
ती चुलीत काटक्या सारत होती, मागं वळली नाही.
"ठावं हुतं गं.
मानंला कळायचं की."

"मग तुम्ही कधी...?"

"त्यो तरी कुणाला सांगणार हुता? बस."
आणि तिनं त्याच पातेल्यात
दोघींपुरता चहा टाकला.